ड्रम निघत नाही? घण उचलण्याआधी हे वाचा : जोड टायरच्या गाडीचा मागचा ब्रेक असा उघडतात

नारायणगावचा टोमॅटो असो की लासलगावचा कांदा, गावातून निघालेला माल वाशीच्या मार्केटला पोचायचा तर मध्ये घाट येतोच. माळशेज असेल, कसारा असेल. कोकणात उतरायचं तर आंबा घाट नाहीतर फोंडा घाट. भरलेली गाडी या उतारावर सांभाळायचं मोठं काम करतात ते मागच्या जोड टायरांच्या आत लपलेले दोन ब्रेक ड्रम. टायर, इंजिन ऑइल, बॅटरी यांकडे मालकाचं लक्ष असतं. ड्रम मात्र वर्षानुवर्षं उघडला जात नाही आणि ज्या दिवशी उघडायची वेळ येते त्या दिवशी तो निघत नाही.

मग सुरू होतो घणाचा मार. ड्रमला चीर जाते, बोल्टचे आटे बसतात, कधी जॅक सरकतो आणि माणूस जायबंदी होतो. खरं पाहता ड्रम निघत नाही तेव्हा त्याला काहीतरी धरून ठेवलेलं असतं. ते काय आहे हे ओळखलं तर बहुतेक वेळा घणाची गरजच पडत नाही.

ही माहिती कोणत्या गाडीसाठी?

मागे एका बाजूला दोन, असे एकूण चार टायर आणि पुढे दोन टायर असलेल्या छोट्या मालवाहू गाड्यांसाठी. गावाकडे यांना सहा टायरी म्हणतात. टाटाची ४०७ ही गाडी १९८६ मध्ये बाजारात आली आणि आजही खेडोपाडी दिसते. आयशर आणि इतर कंपन्यांच्याही याच मापाच्या गाड्या आहेत. यातल्या बऱ्याच गाड्यांना ऑइलवर चालणारे ब्रेक असतात. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. त्यांची रचना वेगळी असते, त्यामुळे तिथे ही पद्धत जशीच्या तशी लावू नये.

एकेक टायरच्या पिकअपमध्ये बऱ्याचदा चाक काढलं की ड्रम समोर दिसतो. जोड टायरच्या गाडीत तसं नसतं. आतलं चाक, बाहेरचं चाक, मध्ये पुढे आलेला जाड हब आणि हबच्या तोंडावर बोल्टने आवळलेला एक्सल. म्हणून पिकअपच्या अनुभवावर सहा टायरीचा ड्रम खोलायला गेलं की गोंधळ होतो.

ड्रम उघडायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

- पेडल पहिल्या दाबात खोल जातं आणि दुसऱ्या दाबात वर येतं. लायनर झिजून ड्रमपासून लांब गेल्याचं हे नेहमीचं लक्षण आहे.
- ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.
- मागून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो.
- ब्रेक ऑइलची पातळी वारंवार खाली जाते, पण बाहेर गळती दिसत नाही.
- आतल्या टायरची आतली बाजू ओली, तेलकट दिसते.
- रिकामी गाडी चालवून आणल्यावर एक ड्रम दुसऱ्यापेक्षा फार जास्त तापलेला असतो. हात जवळ नेला तरी धग कळते. ड्रमला हात लावून बघू नये, भाजतं.

यातलं एक जरी लक्षण असलं तरी गाडी भरून घाटात घालू नये.

सगळ्यात मोठा धोका : गाडी जॅकवरून घसरणं

मागचा ड्रम काढताना हँडब्रेक सोडावा लागतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच लायनरवर चालतो, तो ओढलेला असेल तर लायनर ड्रमला घट्ट धरून राहतात आणि ड्रम निघत नाही. मग गाडी कशावर थांबणार? अनेक जण म्हणतात, गिअरमध्ये टाकली आहे, हलणार नाही.

इथेच फसगत होते. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरू शकतं आणि मग गिअर गाडीला धरून ठेवू शकत नाही. जमिनीवरचं चाक एका दिशेने फिरतं, हवेतलं उलट्या दिशेने, आणि गाडी चालू लागते. एका बाजूचा एक्सल बाहेर काढला तरी तेच होतं. म्हणजे गिअरवरही भरवसा नाही आणि हँडब्रेकवरही नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी :

- गाडी रिकामी करावी. भरलेल्या गाडीचं चाक खोलू नये.
- सपाट आणि कडक जमीन निवडावी. शेतातली भुसभुशीत माती, ओली वाळू, उन्हात तापून मऊ झालेलं डांबर यावर जॅक रुततो.
- पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडी ठोकळे घट्ट लावावेत. गोल दगड चालत नाही, तो सरकतो.
- जॅक एक्सलच्या हाउसिंगखाली, पाट्याच्या जवळ लावावा.
- गाडी उचलली की लगेच हाउसिंगखाली लोखंडी घोडी लावून वजन तिच्यावर घ्यावं. विटांची चळत लावू नये, वीट एकदम फुटते.
- घोडी लागल्याशिवाय गाडीखाली डोकं किंवा हात घालू नये. जॅकचं सील कधी जाईल ते सांगून जात नाही.
- लहान मुलांना आणि बघ्यांना लांब ठेवावं.

काही घडलंच तर दबलेल्या माणसाला ओढायच्या आधी गाडी स्थिर करावी आणि १०८ वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवावी.

चाकं काढताना

नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, उचलल्यावर नव्हे. उचललेल्या गाडीच्या नटावर पाइप घालून जोर दिला तर गाडी घोडीवरून हलू शकते.

काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावत राहिलं की नट सैल होण्याऐवजी आणखी आवळतो आणि शेवटी बोल्टच तुटतो. बोल्टच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर उमटवलेलं असेल तर आटे उलटे आहेत असं समजावं.

दुसरी गोष्ट रिंगच्या डिस्कची. जुन्या ट्यूबवाल्या टायरांच्या डिस्कवर वेगळी लोखंडी रिंग बसवलेली असते. अशी डिस्क चिरलेली असेल किंवा रिंग जागेवरून हललेली असेल, तर नट सोडताना ती हवेच्या दाबाने उडू शकते. या रिंगेने माणसं मेली आहेत. त्यामुळे अशा डिस्कचे नट सोडण्यापूर्वी दोन्ही टायरांची हवा व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडावी. उभं राहताना टायरच्या समोर नाही, बाजूला उभं राहावं.

बाहेरचं चाक निघालं तरी आतलं पुष्कळदा चिकटून बसतं. दोन चाकांमध्ये सुकलेला चिखल आणि गंज हे त्याचं कारण. आधी चिखल खरवडून काढावा, पाणी मारावं, मग टायरच्या रबरावर आतल्या बाजूने लाकडी ओंडक्याने आळीपाळीने ठोके द्यावेत. डिस्कच्या कडेवर घण मारू नये.

ड्रम दोन प्रकारे बसवलेला असतो

चाकं निघाली की थांबावं आणि नीट बघावं. पुढचं सगळं काम यावर ठरतं.

*पहिला प्रकार.* ड्रम हबच्या बाहेरून बसवलेला. बोल्टच्या मुळाशी ड्रमचा चेहरा समोरच दिसतो. त्यावर बहुधा दोन-तीन चपट्या डोक्याचे स्क्रू असतात. हब आणि ड्रम यांच्यामध्ये गोल फट दिसते. असा ड्रम हबला हात न लावता बोल्टवरून सरळ बाहेर येतो.

*दुसरा प्रकार.* ड्रम हबच्या मागून आवळलेला. समोर हबची जाड कड दिसते, बोल्ट तिच्यातून बाहेर आलेले असतात आणि ड्रम तिच्या पाठीमागे असतो. इथे ड्रम एकटा कधीच निघणार नाही. एक्सल काढून, बेअरिंगचा नट सोडून, हब आणि ड्रम एकत्र बाहेर घ्यावे लागतात.

दुसऱ्या प्रकारचा ड्रम पहिल्या प्रकारचा समजून त्यावर घण चालवला जातो. त्यात ड्रम निघत तर नाहीच, उलट बेअरिंगवर मार बसून तेही खराब होतं.

पहिला प्रकार : हलतो पण निघत नाही, की हलतच नाही?

चपट्या डोक्याचे स्क्रू आधी काढून घ्यावेत. ते गंजलेले असतात. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेल टाकून थोडा वेळ जाऊ द्यावा. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट धरून त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन-तीन ठोके द्यावेत आणि मग फिरवावा. घाईत खाच खराब झाली तर नंतर ड्रिल मारण्याशिवाय उपाय राहत नाही.

मग ड्रम दोन्ही हातांनी धरून हलवून बघावा.

*ड्रम थोडा हलतो, फिरतो, पण बाहेर येत नाही :* त्याला लायनर अडवतात. लायनर जिथे घासतात तिथे ड्रम आतून झिजून खोलगट होतो आणि झीज न झालेल्या आतल्या काठाची एक कड उरते. ड्रम बाहेर ओढला की ही कड लायनरला अडकते. इथे ताकद लावून उपयोग नाही, लायनर मागे घ्यावे लागतात. ड्रमच्या मागच्या प्लेटवर रबरी बूच लावलेलं लांबट भोक असतं. बूच काढून आत स्क्रू ड्रायव्हर घालून ॲडजस्टरचं दातेरी चाक फिरवायचं. काही गाड्यांत भोकाऐवजी प्लेटच्या मागे पान्याने फिरवायचा बोल्ट असतो. कोणत्या दिशेने फिरवायचं हे कळत नसेल तर दोन-चार दाते फिरवून ड्रम हाताने फिरवून बघावा. जड झाला तर दिशा चुकली, हलका झाला तर बरोबर. आपोआप सेट होणारा ॲडजस्टर असेल तर त्याला एक छोटी पट्टी अडवून धरते. ती दुसऱ्या स्क्रू ड्रायव्हरने बाजूला दाबून मगच चाक मागे फिरतं.

*ड्रम अजिबात हलत नाही :* आधी हँडब्रेक खरंच सुटला आहे का ते बघावं. केबल गंजून अडकली असेल तर आत लिव्हर खाली असूनही ब्रेक लागलेला राहतो. तो सुटला असेल तर दोष गंजाचा. हब आणि ड्रम जिथे भेटतात त्या गोल फटीत स्प्रे मारावा, गंज तारेच्या ब्रशने साफ करावा. ड्रमच्या चेहऱ्यावर आटे पाडलेली दोन रिकामी भोकं असतात. ती याच कामासाठी दिलेली असतात. त्यात मापाचे बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने, थोडे थोडे आवळत जावेत. एकच बोल्ट आवळला तर ड्रम तिरका होऊन जास्त फसतो. बोल्ट आवळत असताना चेहऱ्यावर, बोल्टांच्या मधल्या जागेत, हातोडीचे हलके ठोके द्यावेत. गंजाची पकड सुटली की टक्‌ असा आवाज येतो आणि ड्रम सरकतो.

ड्रम बिडाचा असतो. बीड दाब सहन करतं, पण ठिसूळ असतं. कडेवर मारलेला घण तिथेच चीर पाडतो. ती चीर मातीत, ग्रीसमध्ये दिसत नाही आणि पुढे घाटात ड्रम तापला की उघडते. गॅसच्या बत्तीने ड्रम तापवणंही टाळावं. आत रबर आहे, ब्रेक ऑइल आहे, ग्रीस आहे आणि ऑइल सील जळतं.

दुसरा प्रकार : हबसकट ड्रम

या गाड्यांत एक्सलवर गाडीचं वजन नसतं. वजन हाउसिंगच्या टोकावर बसवलेल्या बेअरिंगवर असतं, एक्सल फक्त चाक फिरवतो. त्यामुळे गाडी घोडीवर असताना एक्सल बाहेर ओढून काढता येतो.

क्रम असा :

१. हबच्या तोंडावरचे एक्सलचे बोल्ट सोडावेत. काही गाड्यांत नटांखाली निमुळत्या चिरलेल्या रिंगा असतात. एक्सलच्या गोल तोंडावर मध्यभागी हातोडीने ठोकलं की त्या सुटतात. त्या हरवू नयेत.

२. एक्सल ओढताना गिअर ऑइल सांडतं. खाली परात किंवा कापलेला डबा ठेवावा. पॅकिंग फाटतंच, नवीन आणून ठेवावं.

३. आत मोठा नट दिसतो. त्याचं लॉक वॉशर सरळ करून नट मापाच्या हब पान्यानेच सोडावा. छन्नी लावून नट फिरवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने नटाचे कोपरे जातात, लोखंडाचे कण बेअरिंगमध्ये पडतात आणि हाउसिंगचे आटे गेले तर खर्च कितीतरी पटीने वाढतो.

४. नट निघाल्यावर बाहेरचं बेअरिंग खाली पडतं. एक हात तिथे धरावा.

५. आता हब आणि ड्रम बाहेर घ्यावेत. जोडी जड असते, एकट्याने उचलू नये. पायावर पडली तर बोटं जातात. इथेही लायनरची कड अडकत असेल तर ॲडजस्टर सैल करावा.

पहिल्या प्रकारचा ड्रम हत्यारं असतील तर मालक-चालक स्वतः काढू शकतो. दुसऱ्या प्रकारात बेअरिंगचा नट परत किती आवळायचा हे कळणं महत्त्वाचं असतं. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, कमी आवळला तर चाक डगमगतं. हे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावं. मात्र तो काय करतो हे शेजारी उभं राहून बघावं.

उघडल्यावर पहिलं काम : धुरळा उडवू नका

ड्रममध्ये काळी बारीक पूड साठलेली असते. कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवायची हे गॅरेजमधलं रोजचं दृश्य. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते छातीत गेल्यावर फुप्फुसाचे आजार आणि कॅन्सर होतो, तोही अनेक वर्षांनी. पूड साबणाच्या पाण्याने ओली करून फडक्याने पुसावी, तोंडाला मास्क बांधावा. फडकं पिशवीत बांधून टाकावं. त्याच कपड्यांत घरी जाऊन लेकरू कडेवर घेऊ नये.

आणि ड्रम बाहेर असताना ब्रेकचं पेडल कुणीही दाबू नये. दाबलं तर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल सांडतं. केबिनचं दार बंद करून चावी खिशात ठेवावी.

काय काय तपासायचं

- ड्रम : आतून नखाला लागतील अशा खोल रेघा, निळे डाग किंवा आरपार चीर आहे का? चीर असेल तर ड्रम बाद. वेल्डिंग करून वापरू नये. रेघा असतील तर लेथवर कट मारता येतो, पण मर्यादेतच. बहुतेक ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा उमटवलेला असतो. लेथवाल्याला तो आधी वाचायला सांगावा. त्या मापापुढे गेलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि फुटतो.
- लायनर : रिबीट मारलेले असतील तर रिबीटची डोकी पृष्ठभागाला भिडण्याआधी बदलावेत. भिडल्यावर ती ड्रम कापतात. लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर गाडी ओढते.
- ओलावा : लायनर ओले असतील तर कशाने ते बघावं. घट्ट, उग्र गंधकासारख्या वासाचं तेल असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे ऑइल सील गेलं. पातळ असेल आणि व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखालून येत असेल तर ते ब्रेक ऑइल. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत लावू नये. तापला की तेल पुन्हा वर येतं.
- व्हील सिलिंडर : रबरी टोपी हलकेच उचलून बघावी. आत ऑइल साठलेलं असेल तर किट किंवा सिलिंडर बदलावा.
- स्प्रिंगा : ताणलेल्या, निळ्या पडलेल्या असतील तर बदलाव्यात.
- बेअरिंग : हब निघालाच आहे तर बेअरिंग धुऊन बघावं. खड्डे किंवा निळसर रंग दिसला तर नवीन घालावं. जुनं ग्रीस काढून नवीन हाताने दाबून भरावं. ऑइल सील नवीनच लावावं.

ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच वापरावं. ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेलं ऑइल घाटात तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल तिथे चुकूनही घालू नये, सगळी रबरं फुगतात.

परत बसवताना

हब आणि ड्रम जिथे भेटतात ती जागा तारेच्या ब्रशने घासून साफ करावी. नव्या लायनरला आणि ड्रमच्या आतल्या भागाला ग्रीसचा हात लागू देऊ नये. ड्रम चढल्यावर ॲडजस्टर असा सेट करावा की ड्रम हाताने फिरतो, पण लायनर किंचित घासल्याचा आवाज येतो. पेडल दोन-चार वेळा दाबून लायनर जागेवर बसू द्यावेत, मग पुन्हा फिरवून बघावं. दोन्ही बाजू सारख्याच सेट कराव्यात. हँडब्रेकचं सेटिंग शेवटी करावं.

हब काढला असेल तर चाक वर-खाली धरून हलवून बघावं. खडखड नको, पण हब मोकळा फिरायला हवा.

जोड चाकं चढवताना दोन डिस्कच्या मधे माती, गंजाचे पोपडे किंवा जाड रंग राहू देऊ नये. तो दबला की नट सैल पडतात. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हवा भरायला हाताशी येईल अशी बाहेरची डिस्क फिरवून लावावी. नट गोल क्रमाने नाही, समोरासमोरचे आवळावेत. पान्यावर उड्या मारून आवळल्याने बोल्ट ताणले जातात. कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने आवळावेत. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळावेत. हे न केल्याने जोड चाकं निखळून गेलेल्या गाड्या रस्त्याने दिसतात.

पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, मोकळ्या मैदानात, अगदी हळू. पेडल कडक लागतं का, गाडी सरळ थांबते का, हे बघितल्यावरच रस्त्यावर यावं. घाट लगेच नको. नवे लायनर ड्रमला नीट बसायला थोडं अंतर लागतं.

गरम ड्रमवर पाणी मारू नका

घाट उतरल्यावर पायथ्याच्या हॉटेलावर गाडी लावून ड्रमवर पाणी ओतण्याची पद्धत अजूनही दिसते. लाल होईपर्यंत तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की त्याला बारीक चिरा जातात. वाफ निघते, ड्रम गार झाल्यासारखा वाटतो, पण तो आतून खराब झालेला असतो. गाडी थांबवून तो हवेवर गार होऊ द्यावा. तोपर्यंत चाकांना ठोकळे लावावेत.

मुळात ड्रम इतका तापूच नये. जो गिअर लावून घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली किंवा इंजिन बंद केलं की सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं.

पासिंगची वाट बघू नका

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बरेच मालक ब्रेकचं काम पासिंगच्या आधीच्या आठवड्यात काढतात. हंगामात रोज घाट करणाऱ्या गाडीसाठी एवढं पुरेसं नाही. टोमॅटो, कांदा किंवा उसाचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा मागचे ड्रम उघडून साफ केले तर गंज धरत नाही आणि पुढच्या वेळी ते सहज निघतात. गाडी गॅरेजला लावताना मजुरी, लेथचं काम आणि सामान यांचे दर वेगवेगळे विचारून घ्यावेत. काढलेले जुने लायनर आणि सील मेकॅनिककडून मागून स्वतः बघावेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

- एक चाक उचललं की गिअर गाडीला धरत नाही. पुढच्या चाकांना ठोकळे आणि हाउसिंगखाली घोडी लावल्याशिवाय काम नाही.
- आधी ड्रमचा प्रकार ओळखा. मागून आवळलेला ड्रम हब काढल्याशिवाय निघत नाही.
- हलतो पण निघत नाही : ॲडजस्टर सैल करा. हलतच नाही : हँडब्रेक, स्क्रू, गंज तपासा.
- रिकाम्या आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून ड्रम ढकला, घणाने नाही.
- पूड ओली करून पुसा, हवेने उडवू नका.
- चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.